काळ्या दिवाळीत लागलेली बत्ती

माझ्या वडिलांना फ्यूज बांधता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. गिरणगाव वीज ग्राहक परिषदेचे ते संस्थापक. मुंबईसह महाराष्ट्र झाल्यावर सरकारच्या एका सल्लागार मंडळावर त्यांना घेतलं, वीजदरांच्या चौकशीत त्यांची साक्ष झाली, हारतुऱ्यांतले फोटो छापून आले. आणि हा माणूस घरातलं बटण दाबायचं तर बोटाला रुमाल गुंडाळायचा. गिरणीत फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालण्यात त्यांचा जन्म गेला. विजेशी संबंध आला तो सगळा तोंडाचा. आई म्हणायची, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण ते पुरतं खरं नव्हतं. त्यांच्या बोलण्यानं दिवे लागले. ते कसे लागले, ते गौरवाच्या भाषणांत कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे.

कोंडीराम मांडवकर हे त्यांचं नाव. आम्ही मूळचे संगमेश्वराकडचे. चिंचपोकळी स्टेशनातून बाहेर पडून लालबागकडे चालायला लागलं की डाव्या हाताला आमची चाळ. चाळ म्हणजे दोन इमारती. पुढच्या इमारतीत आमच्यासारखी कोकणातली गिरणीची माणसं. मागच्या इमारतीत राजाराम तांबे आणि त्यांची माणसं, जी छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. दोहोंच्या मध्ये अंगण आणि नळ. मालक एकच, पण उजेड एकसारखा नव्हता. पुढच्या इमारतीत मालकाच्या मीटरवरून दर खोलीला एक बल्ब मिळे, तोही मालकाच्या मेहताजीच्या मर्जीवर. त्याच्या खोलीत कुलपात मोठं बटण होतं. दहाच्या ठोक्याला तो ते खाली ओढायचा, मग कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असो की कुणाची बाळंतीण अडलेली असो. मागच्या इमारतीत तर वायरच गेली नव्हती. तिथं रॉकेलच्या चिमण्या.

वडिलांनी इथूनच सुरुवात केली. वीज मालकाची नको, म्युनिसिपालिटीची हवी, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं मीटर हवं. आज यात काही वाटणार नाही. तेव्हा लोक हसले. नाक्यावर, व्यायामशाळेत, भजनाच्या मध्येच, कुठेही ते उभे राहायचे आणि सुरू व्हायचे: पाणी जसं कुणा शेठच्या विहिरीचं राहिलं नाही, तशी वीजही कुणाच्या मालकीची राहता कामा नये. कोयनेचं धरण अजून नीट उभंही नव्हतं, तर हे त्याची वीज गिरणगावात वाटून मोकळे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण ते थकायचे नाहीत. पाळी सुटली की धुतलेला सदरा घालून फोर्टात जायचे, साहेबांच्या दारात बसून राहायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. हळूहळू आजूबाजूच्या चाळींतली माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. परिषद झाली. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिच्या बैठका भरू लागल्या आणि आई आणि मी गॅलरीत जाऊन बसू लागलो.

एका गोष्टीचा मान मी त्यांना देते. मालक घाबरला तेव्हा त्यानं निरोप धाडला: पुढच्या इमारतीला रात्रभर बत्ती देतो, मागच्यांचा विषय सोडा. आमची सगळी इमारत म्हणाली, घेऊन टाका. वडील म्हणाले, दोन्ही इमारतींना मिळेल, नाहीतर कुणालाच नको. त्यावर आमच्याच माणसांनी त्यांना काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही, त्यातले काही अजून जिवंत आहेत. मालकानं रागानं असलेली बत्तीही तोडली. मग पुढची इमारतही चिमण्यांवर आली आणि शिव्या मालकाला कमी, आम्हाला जास्त पडू लागल्या. नळावर बायका मला बघून म्हणायच्या, "आली गो उजेडवाल्याची चेडू. हिच्या बापसान होता तो पण दिवा घालवलान."

माझं लग्न ठरलं होतं. आमच्याच मजल्यावर चार दारं सोडून गोरिवले राहायचे. रखमाकाकी आणि तिचे दोन मुलगे, जयवंत आणि शिवा. नवरा गेल्यावर काकीनं खानावळ चालवून मुलं वाढवली होती. जयवंत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. पंचावन्नच्या दिवाळीत आमची सुपारी फुटली, काकीनं मला हिरवं लुगडं नेसवलं. जयवंत फारसा बोलायचा नाही. नळावर माझी कळशी भरली की उचलून बाजूला ठेवायचा आणि निघून जायचा. मला तो आवडायचा. हे आत्ताच सांगून ठेवते.

दोन महिन्यांनी, जानेवारीत, गोळीबार झाला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं. शिवा लालबागच्या नाक्यावर पडला. त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. काकी त्या दिवसापासून कमी बोलू लागली. लग्न पुढे गेलं. घरात मयत झालं की आमच्यात वर्षभर शुभकार्य नाही, सण नाही. काकीनं आईला सांगितलं, "पोराचं वर्ष सरू दे. मग माघात बार उडवू." आम्ही थांबलो.

वडीलही संयुक्त महाराष्ट्र समितीचेच होते, हे लक्षात घ्या. मोर्च्यात त्यांनी लाठी खाल्ली होती, शिवाच्या तिरडीला खांदा दिला होता. संयुक्त महाराष्ट्राविरुद्ध त्यांच्या तोंडून कधी अक्षर निघालं नाही. म्हणून पुढं जे झालं ते त्यांना जास्त लागलं असेल. असेल, म्हणते. मला दिसलं नाही.

त्या वर्षी द्विभाषिक राज्य सुरू व्हायचा दिवस, नोव्हेंबरची पहिली तारीख, आणि दिवाळी अगदी लागून आली. आमच्या गल्लीतल्या समितीच्या पोरांनी ठरवलं की ही दिवाळी काळी पाळायची. पहिल्या तारखेपासून दारात पणती नाही, कंदील नाही, घरात लागला तर एक दिवा, तोही दार लोटून. आनंदा म्हणून एक गल्लीचा चिटणीस होता, त्यानं घरोघरी जाऊन सांगितलं. आमच्या इमारतीला सांगायची गरजही नव्हती. शिवाची ती पहिली दिवाळी. त्याच्या दारासमोर कोण कंदील लावणार होतं?

आणि नेमकी त्याच पहिल्या तारखेला आमची वीज यायची होती.

वायरी टाकून झाल्या होत्या, जिन्याखाली मोठा बोर्ड बसला होता, खोल्याखोल्यांत मीटर लागली होती. फक्त प्रवाह सोडायचा बाकी होता. वीजखात्याचे वायरमन पहिल्या तारखेला संध्याकाळी येणार, त्यानंतर दिवाळीच्या सुट्ट्या. तिकडे मालकानं कोर्टात स्थगितीचा अर्ज टाकलेला, त्याची सुनावणी सुट्टी संपल्या दिवशी. वकिलानं वडिलांना साफ सांगितलं होतं: वीज चालू असेल तर कोर्ट ती तोडायला धजणार नाही. नुसत्या वायरी लोंबत असतील तर स्थगिती मिळालीच समजा, आणि मग चार-पाच वर्षं विसरा.

आदल्या रविवारी अंगणात सगळे जमले. आनंदा म्हणाला, "मांडवकर, आठ दिवस पुढं ढकला. कोण मरतंय आठ दिवसांत?"

वडिलांनी कोर्टाचं समजावलं.

"कोर्ट गेलं खड्ड्यात. पहिल्या तारखेला सगळी गल्ली काळोखात आणि आपल्या चाळीत लखलखाट? लोक थुंकतील आपल्यावर. शिवाच्या आईसमोर बत्ती लावणार तुम्ही?"

राजाराम तांबे मागे उभे होते. ते म्हणाले, "आनंदा, तुमची काळी दिवाळी चार दिवसांची. आमच्या इमारतीत बारा महिने तीच आहे. आमचीही पोरं त्या मोर्च्यात होती. बत्ती घेतली म्हणून आम्ही काय महाराष्ट्र सोडला?"

"तुम्ही मधी बोलू नका," आनंदा म्हणाला. त्यावर मागच्या इमारतीतली दोन-तीन माणसं पुढे सरकली, आमच्याकडचीही सरकली, आणि वडिलांनी हात वर करून सभा संपल्याचं जाहीर केलं. ठरलं काहीच नव्हतं. रखमाकाकी गॅलरीत उभी राहून सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी नळावर जयवंतनं पहिल्यांदा कळशी उचलली नाही. म्हणाला, "तुझ्या बापसाक सांग. आईच्या डोळ्यांसमोर बत्ती लागली तर ती तुला घरात घेणार नाही. मी पण तिच्या शब्दाबाहेर नाही. हे धमकी म्हणून नाय सांगत, आहे ते सांगतो."

मी घरी येऊन वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. ते भाकरी खात होते. घास गिळून म्हणाले, "ऐकलं मी. मार्ग काढू."

मार्ग काढू, हे त्यांचं पेटंट. मंत्र्यालाही म्हणायचे आणि दूधवाल्यालाही म्हणायचे. पण तोवर त्यांनी खरंच बरेच मार्ग काढले होते, त्यामुळे मी विश्वास ठेवला. मला वाटलं, काकीशी बोलतील. तिचे पाय धरायची वेळ आली तरी धरतील, मुलीसाठी बाप एवढं करतोच. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

पहिल्या तारखेला दिवेलागणीच्या सुमाराला वीजखात्याचा वायरमन आला. रस्त्यावर सगळीकडे काळे झेंडे होते, दुकानं बंद, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. जिन्याखाली बोर्डापुढे आनंदा आणि समितीची पोरं छातीवर हात बांधून उभी. मागच्या इमारतीची माणसं अंगणात, बायकापोरांसकट. जयवंत दुसऱ्या पाळीला गेला होता. मी आणि आई वरच्या गॅलरीत, आणि थोड्या अंतरावर रखमाकाकी तिच्या दारात.

वायरमननं आपलं काम केलं. वायर जोडली, झाकण लावलं, आणि पोरांकडे बघून मागे सरकला. म्हणाला, "माझं इथवरचं झालं. मेनचं बटण मी नाही टाकणार. तुमच्या भांडणात माझं डोकं फुटायला नको. तुमच्यापैकी कुणी टाका, दिवे लागलेले बघितले की मी निघालो. नाही टाकलं तर तसं कळवतो."

राजाराम तांबे पुढे आले तर आनंदानं त्यांच्या छातीवर हात ठेवला. "तांबे, मागं व्हा. आज हात लावाल तर हात राहणार नाही."

तेव्हा वडील जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढले. त्यांचा तो आवाज मला ठाऊक होता, सभेचा. म्हणाले, "बंधूंनो, तुमचं बरोबर आहे. आज दिवाळी नाही. आज रोषणाई नाही. पण आपल्यातून एक पोरगा गेला, त्याच्या नावानं आपण एक दिवा तरी लावायचा की नाही? ही बत्ती दिवाळीची नाही, शिवाची आहे. आणि ती मी लावणार नाही, तांबे लावणार नाहीत. ती शिवाच्याच घरचं माणूस लावेल." मग वर बघून म्हणाले, "मालन, खाली ये. गोरिवल्यांची होणारी सून ही बत्ती लावेल."

सगळ्यांनी वर बघितलं. मी काकीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हाच तो मार्ग. यांचं बोलणं झालेलं आहे, काकी शिवाच्या नावावर तयार झाली आहे, आणि मला मान दिला आहे तिच्या घरची म्हणून. मला भरून आलं. आईनं माझा दंड धरला होता, तो मी सोडवला आणि खाली गेले.

आनंदा बाजूला झाला. शिवाचं नाव घेतल्यावर आणि त्याच्या होणाऱ्या वहिनीला पुढं केल्यावर तो काय करणार होता? पोरांनी माना खाली घातल्या. बोर्ड माझ्या उंचीच्या जरा वर होता. मी टाचा उंचावल्या आणि मेन वर ढकललं.

मागची इमारत एकदम उजळली. त्यांनी सगळी बटणं आधीच दाबून ठेवली होती. लहान पोरं ओरडली, एक म्हातारी रडायला लागली. आमच्या इमारतीत जिन्यातले आणि गॅलरीतले दिवे लागले, खोल्या तशाच काळ्या राहिल्या. वायरमन बघून निघून गेला. वडिलांनी भाषण सुरू केलं. मी धावत जिना चढले, काकीच्या पाया पडायला.

ती दारातच होती. डोक्यावर नवा दिवा जळत होता. मी वाकणार तोच ती म्हणाली, "थांब. अशीच उभी राहा जरा." तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "माझ्या पोराचं नाव घेऊन दिवाळी केलीत तुम्ही. आता नीट दिसलं गो तुझं तोंड, मालन." आणि दार लावून घेतलं.

दिवाळीचे ते दिवस कसे गेले ते आईला आणि मला माहीत. सकाळी उठलो तर दारावर डांबरानं लिहिलेलं, महाराष्ट्रद्रोही. नळावर आमचा नंबर आला की नळ कुणीतरी बंद करायचं. शेजारची सुभद्रा, जिच्या पोरीची वेणी मी रोज घालत होते, तिनं पोरीला आत ओढून घेतलं. आनंदाही उलटला, म्हणाला, आम्हाला फसवलं, काकीला कुणी विचारलंच नव्हतं. समितीनं वडिलांना बैठकीला बोलावणं बंद केलं. मागच्या इमारतीतून राजाराम तांब्यांच्या घरून तेवढं पाणी यायचं, गपचूप, मागच्या जिन्यानं. जयवंत गॅलरीतून जायचा तेव्हा आमच्या दारापाशी त्याचा चालण्याचा वेग वाढायचा. मी दोनदा दारात उभी राहिले. त्यानं मान वळवली नाही.

सुट्टी संपल्या दिवशी कोर्टानं मालकाचा अर्ज फेटाळला. वडील पेढे घेऊन आले. ते येण्याच्या घटकाभर आधी काकीच्या वतीनं आनंदाची आई येऊन सुपारी आणि नारळ परत ठेवून गेली होती, वर सांगून गेली की हिरवं लुगडं परत नको आहे, तुमच्याकडेच ठेवा. ते सगळं चटईवर तसंच होतं. वडिलांनी पेढ्यांचा पुडा त्याच्या शेजारी ठेवला.

"कोर्टानं काय म्हटलं माहीत आहे?" ते आईला म्हणाले. "चालू असलेला पुरवठा तोडता येणार नाही. अगदी हेच शब्द."

मी म्हटलं, "बाबा, माझं लग्न मोडलं."

त्यांनी सुपारीकडे बघितलं. "दिसतंय मला."

"तुम्ही काकीला विचारलं होतंत ना?"

"नाही."

"का नाही?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती," ते म्हणाले. मग खाली बसले आणि मला समजावू लागले, तसंच, जसं परिषदेच्या नव्या माणसाला समजावतात. "मालन, मुद्दा असा आहे की मी मेनला हात लावला असता तर पोरं माझ्यावर आली असती. तांब्यांनी लावला असता तर दोन्ही इमारतींत डोकी फुटली असती, पोलीस आले असते आणि ही चाळ पुन्हा कधी एक झाली नसती. शिवाच्या वहिनीच्या अंगाला मात्र कुणी हात लावणार नव्हतं. दुसरा हात मला दिसेना. सगळ्या बाजूंनी बघितलं मी."

"आणि माझी बाजू?"

"तीही बघितली. लग्न मोडण्याची शक्यता होती." ते म्हणाले. "ती धरूनच चाललो होतो. मागं किती कुटुंबं आहेत बघ ना. एका लग्नापायी त्यांना काळोखात ठेवायचं का?"

मी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पदर लावून. त्या इमारतीतली पोरं त्या उजेडात शिकली, त्यातली एक डॉक्टर झाली, मला भेटली की वाकून नमस्कार करते. मला त्या पोरीचा राग नाही. पण ज्यानं विचारायचं होतं त्यानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मला कधी कळणारच नाही, आणि ते त्यांनी माझ्यापासून काढून घेतलं.

जयवंतचं त्याच माघात लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी. वरात आमच्या दारावरून गेली. माझं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

पण त्या संध्याकाळपासून मी त्यांना बाबा म्हणणं सोडलं. परिषदेची माणसं म्हणायची तसं अध्यक्ष म्हणू लागले. अध्यक्ष, जेवायला वाढलंय. अध्यक्ष, तुमचा सदरा वाळला. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आईनं माझ्यासमोर हात जोडले. त्यांनी मात्र पाटावर बसता बसता माझ्याकडे बघितलं, सदऱ्याची कॉलर सारखी केली, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना ते आवडलं होतं.